पान सदतीस

६ जानेवारी, सोम.

वकिलांकडे जाऊन आले. सोसायटीचे सेक्रेटरी अभ्यंकर बरोबर होते. मी मध्येच उठून जाईन अशी भीती असावी. इमारत पाडून नवी बांधायची तर प्रत्येक घराच्या सगळ्या मालकांच्या सह्या लागतात. बाकीच्यांच्या झाल्या. आमचं घर आईने दोघी मुलींच्या नावे केलेलं, माझ्या आणि नलूच्या. नलू असती तर यंदा पासष्ट. एकोणीस वर्षांची असताना गेली. आमच्याकडे ‘गेली’च्या पुढे कुणी कधी काही बोललं नाही.

वकील शांत माणूस. म्हणाले, "सात वर्षं कुणाला काही कळलं नसेल तर कोर्ट मृत धरतं. तुमची तर सेहेचाळीस झाली. तुम्ही प्रतिज्ञापत्र करा. जोडीला तेव्हा शोध घेतल्याचा काही पुरावा द्या. पेपरातली ‘हरवली आहे’ची जाहिरात मिळाली तरी पुरे."

जाहिरात बाबांनी दिली होती. कुठल्या पेपरात, आठवत नाही. कात्रण आईने जपलं होतं, पण आई गेल्यावर तिच्या पेटीत निघालं नाही.

जिन्यात अभ्यंकर म्हणाले, "वसुधाताई, मला समजतं हो. पण सगळी बिल्डिंग तुमच्या एका सहीवर थांबलीय."

दाराच्या पाटीवर अजून नलूचं नाव आहे. आई शेवटच्या आजारात एकच म्हणाली होती, "तिच्या वतीने सही करू नकोस कधी." तेव्हा वाटलं, तापात बोलतेय.

८ जाने., बुध.

मीराचा मुलुंडहून फोन. लेक माझी, पण बोलते माझ्या आईसारखी.

"आई, जुने पेपर सगळे ऑनलाइन असतात गं. फुकट. तू तर लायब्ररीवाली."

लायब्ररीवाली मी नव्हेच. मी फक्त शाळेत असताना शुक्रवारची लायब्ररी ड्यूटी केली. खरी लायब्ररीवाली नलू. अकरावीनंतर कॉलेज करता करता आमच्याच कॉन्व्हेंटच्या लायब्ररीत मदतनीस लागली, ती आणि तिची जिवलग फिलोमिना. नलू-फिलू. लायब्ररी सांभाळणाऱ्या सिस्टर बेनेडिक्टा दोघींना एका नावानेच हाक मारायच्या.

९ जाने., गुरु.

दुपारभर लॅपटॉपसमोर. काय कचरा आहे. पहिली साइट ‘फुकट’ म्हणते आणि दुसऱ्याच पानावर कार्डाचा नंबर मागते. दुसरी तिसरीची नक्कल, तिसरी दुसरीची, चुकांसकट. एका ठिकाणी खाडीपलीकडच्या गोराईचा, फिलूच्या गावाचा, इतिहास वाचला, लिहिणारा बोटीत कधी बसलेला नसावा. चर्च चुकीच्या बाजूला, खाडी चुकीच्या बाजूला.

सिस्टर बेनेडिक्टांचे चार प्रश्न आठवले. रेफरन्सच्या कपाटावर चिकटवलेले असायचे. कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवले:

कोण सांगतंय. त्याला कुठून कळलं. केव्हा. आणि दुसरीकडे आहे का.

चौथ्यावर त्यांचा फार जीव. एका जागी मिळालं तर ती कुजबुज, मुलींनो. दोन जागी मिळालं तर माहिती. इंग्रजीत म्हणायच्या, पण मला आता मराठीतच आठवतं. लायब्ररीत मराठी बोलायला बंदी होती, आणि आठवण मात्र मराठीत. गंमत आहे.

१३ जाने., सोम.

चार दिवसांत बरंच शिकले. सरकारी गॅझेटिअर फुकट वाचता येतात, सगळे खंड. विद्यापीठांचे प्रबंध मिळतात. बंद पडलेल्या वाचनालयांची पुस्तकं हौशी माणसं स्कॅन करून चढवतात, त्यांचं एक मोठं खुलं ग्रंथालयच आहे. तिथे कार्ड नाही, जाहिरात नाही. पुस्तकाच्या आतले शब्दही शोधता येतात. मन लावून केलेलं काम दिसतं. अशी माणसं आहेत अजून.

दोन वर्तमानपत्रांचे जुने अंक मिळाले. एकात फेब्रुवारी ७९ नाही. जानेवारीनंतर एकदम एप्रिल. दुसऱ्यात फेब्रुवारी आहे, पण अठरा तारखेनंतरची पानं कोरी चढली आहेत. पांढरी. खाली पानाचे क्रमांक तेवढे बरोबर.

अठरा फेब्रुवारीचाच तो रविवार. नलू गोराईला फिलूच्या घरी जेवायला गेली. चारच्या बोटीने परत निघाली. फिलूने तिला बोटीत बसताना पाहिलं. बोट इकडच्या काठाला लागली तेव्हा ती त्यात नव्हती. नावाड्याला आठवत नव्हतं, रविवारची गर्दी. खाडीत पडली असणार, असं सगळे म्हणाले. काही मिळालं नाही, ना चप्पल, ना पर्स.

१६ जाने., गुरु.

परवा संक्रांतीचे तिळगूळ द्यायला सगळे येऊन गेले. अभ्यंकरांनी गोड बोला म्हणत सहीचंच विचारलं.

आज सहज म्हणून त्या खुल्या ग्रंथालयात आमच्या शाळेचं नाव टाकून पाहिलं. अकरा पुस्तकं आली. आमचीच. शाळेने लायब्ररीची खोली काढून संगणकवर्ग केला, पुस्तकं रद्दीत दिली, हे ऐकलं होतं. कुणीतरी रद्दीतून उचलून स्कॅन केलेली दिसतात. पहिल्या पानावर तो जांभळा गोल शिक्का, थोडा तिरका. शिक्का सरळ मारायचं आम्हाला कधी जमलं नाही.

वास आला एकदम. शाईचा, मेणाचा, पावाचा. स्क्रीनला कसला वास येणार. आला पण.

१७ जाने., शुक्र.

रात्री झोपेत आठवलं आणि सकाळी आधी तेच केलं. गुप्त पान.

प्रत्येक लायब्ररीचं एक असतं. पुस्तक कुणी पळवलं, पहिलं पान फाडलं, तरी ओळख पटावी म्हणून आत एका ठरलेल्या पानावर पुस्तकाचा दाखल क्रमांक मारून ठेवायचा. ते पान बाहेर कुणाला सांगायचं नाही. आमचं सदतीस. सिस्टर लायब्ररीत आल्या तेव्हा सदतीस वर्षांच्या होत्या म्हणून. ड्यूटीच्या पहिल्या दिवशी मुलींना शपथ घ्यावी लागे. मी बाबांनासुद्धा सांगितलं नव्हतं.

सदतीस उघडलं. क्रमांक होता. आणि क्रमांकाखाली, पेन्सिलीने, मुंगीएवढं:

न ३-७-७८

नलूची सवय. वाचून झालेल्या पुस्तकावर खूण. पुस्तकात लिहिणं म्हणजे पाप, म्हणून जिथे कुणी बघत नाही तिथे लिहायची, आणि इंग्रजी शाळेत मराठी आकडे. घरी आईने पाटीवर गिरवून शिकवलेला तो न.

अकरापैकी दहांचं सदतीस पाहिलं, पाचांवर आहे. ७७, ७८, ७८, ७८, ७९ जानेवारी. जानेवारीचं शेवटचं.

अकरावं अजून पाहिलं नाही. पुरवून बघते आहे, दिवाळीच्या फराळासारखं.

२० जाने., सोम.

अकरावं पाहिलं. न २-११-८१.

पुन्हा पाहिलं. मोठं करून पाहिलं. एक्याऐंशी.

चहा केला आणि ओट्यावरच विसरले.

२१ जाने., मंगळ.

मीराला पाठवलं. तिचा लगेच फोन.

"आई, कुणीही लिहिलं असेल गं. दुसरी कुणी न असेल. नीता, नंदा, नयना."

"गुप्त पानावर?"

"अगं, लायब्ररीतल्या सगळ्या मुलींना माहीत होतं ना?"

बरोबर बोलते. कोण सांगतंय, कुठून कळलं. पण मग ती म्हणाली, "आई, तू जाहिरात शोधत होतीस," आणि मला कळलं की तिला काळजी वाटते आहे. वकिलांनी अठरा फेब्रुवारी दिली आहे सहीसाठी. त्यांना काय माहीत त्या तारखेचं.

२३ जाने., गुरु.

फिलूला फोन केला. आई गेली तेव्हा भेटलो, त्यानंतर आजच. पुढे तीच त्या लायब्ररीची लायब्रेरियन झाली, तिथेच रिटायर झाली. सांगितलं, सदतीसवर नलूची खूण आहे, एक्याऐंशी सालची.

पलीकडे तिने कोंबड्यांना हुसकल्याचा आवाज आला.

मग म्हणाली, "वसूताई, तू इथे ये. फोनवर नको."

२५ जाने., शनि.

गोराईला गेले. सकाळची दहाची बोट. सेहेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. पाच-सात मिनिटांचं पाणी, आणि मी कठडा सोडला नाही.

फिलू धक्क्यावर उभी होती, पांढरे केस, फुलाफुलांचा गाऊन, हातात छत्री. घरी नेलं. बोंबील तळले होते. जेवण होईपर्यंत एक अक्षर बोलू दिलं नाही.

"आधी जेव. रिकाम्या पोटी वाईट ऐकू नये, माझी ममा म्हणायची."

मग म्हणाली, "त्या खुणा मी केल्या."

नलू गेल्यावर, म्हणाली, नवी पुस्तकं यायची, मी वाचायची, आणि सदतीसवर तिची खूण करायची. तिच्या नावाने. कुणीतरी अजून वाचतंय असं वाटायचं. पाच वर्षं केलं. चौऱ्याऐंशीत सिस्टरनी पाहिलं. रागावल्या नाहीत. "लेट हर रेस्ट, फिलोमिना," एवढंच. मग बंद.

"तुला राग आला?"

मला राग नाही आला. रडू आलं, आणि त्यात हायसंही होतं, आणि हायसं वाटल्याची लाज. फिलूने तिच्या प्रार्थनेच्या पुस्तकातून एक कात्रण काढलं. पिवळं, घडीवर फाटलेलं. ‘हरवली आहे.’ वर नलूचा फोटो, दोन वेण्या. आईनेच तिला दिलं होतं, शेवटच्या वर्षी.

"म्हणाली, माझ्याकडे राहिलं तर वसू कुठेतरी देऊन टाकेल."

सेहेचाळीस वर्षांची जाहिरात, आणि कुठल्याही साइटवर नव्हती. एका बाईच्या पुस्तकात होती.

परत निघाले तेव्हा फिलू बोटीपर्यंत आली, मी बसले तरी उभी राहिली, बोट मधोमध गेली तरी उभी. या गावाची रीतच आहे, पाहुणा बोटीत बसून बोट निघेपर्यंत घरच्याने काठ सोडायचा नाही. मी हात केला. तिने केला नाही.

२७ जाने., सोम.

कात्रण वकिलांना दिलं. खूश. अभ्यंकरांनी खाली गेटपाशी नमस्कार केला, दोन्ही हातांनी.

पुन्हा ते एक्याऐंशीचं पान काढलं. आता दिसतं. फिलूच्या ‘न’ची डोक्यावरची रेघ अक्षराला टेकलेली आहे. नलूची कधी टेकायची नाही, वर हवेत राहायची, आई पाटीवर दरवेळी पुसून दाखवायची. पहिल्याच दिवशी दिसायला हवं होतं. दिसू दिलं नाही मी.

१ फेब्रुवारी, शनि.

काम संपलं तरी दुपारी तिथेच जाऊन बसते. खुल्या ग्रंथालयात. कुणी विचारलं तर सांगेन, वाचते. खरं म्हणजे कुठलंही पुस्तक उघडलं की हात आधी सदतीसवर जातो. दुसऱ्या गावांच्या, दुसऱ्या वाचनालयांच्या पुस्तकांत. त्यांची गुप्त पानं वेगळी. कुणाचं एकवीस, कुणाचं एक्कावन्न. सदतीस त्यांच्यात नुसतंच एक पान. कोरा समास. बघते आणि मिटते.

४ फेब्रु., मंगळ.

नीट लिहिते, म्हणजे उद्या स्वतःलाच पटेल.

पुस्तक: समुद्रकाठच्या झाडांवरचं, जुनं, मराठी. नलूचा कॉलेजात वनस्पतीशास्त्र विषय म्हणून उघडलं. वाचनालय: वेंगुर्ल्याच्या बाजूचं एक गाव. दाखल क्रमांक एक्कावन्न पानावर आहे, म्हणजे त्यांचं गुप्त पान एक्कावन्न.

छापील पान सदतीस, स्कॅनचा क्रमांक त्रेचाळीस. शिक्का नाही. क्रमांक नाही. समासात खाली पेन्सिलीने:

न १२-८-९६

रेघ हवेत.

५ फेब्रु., बुध.

काही केलं नाही. भाजी आणली. दोनदा दारावरची पाटी पुसली.

६ फेब्रु., गुरु.

फिलूला फोटो पाठवला. काही लिहिलं नाही बरोबर. पाच मिनिटांत फोन.

"हे मी नाही केलं, वसूताई. देवाची शपथ. ते गाव मी नकाशावरसुद्धा पाहिलं नाही."

"माहीत आहे. रेघ बघ."

"बघितली. ती रेघ मला कधी जमली नाही. किती प्रयत्न केला."

मी म्हटलं, बोटीतून पडलेली बाई सतरा वर्षांनी पुस्तक कसं वाचेल, फिलू. तू तर तिला बसताना पाहिलंस.

आणि मग ती बोलली. ती बोलली तसंच लिहिते.

"नाही पाहिलं गं. चिंचेपाशी म्हणाली, तू जा आता, ऊन आहे. मी मागे फिरले. बोटीपर्यंत गेलेच नाही. घरी ममाने विचारलं, बसवलंस का नीट? मी हो म्हटलं. पाहुणीला अर्ध्या रस्त्यात सोडलं म्हटलं असतं तर तिने मला फोडून काढलं असतं. मग तुझे बाबा आले, मग पोलीस आले. ममा तिथेच उभी. एकदा हो म्हटलेलं मी कसं फिरवणार होते?"

"नंतर?"

"नंतर सगळ्यांनाच माहीत झालं होतं की ती बोटीत बसली. मलासुद्धा."

चिंचेपासून दोन रस्ते आहेत. एक धक्क्याला. दुसरा उत्तनकडे, भाईंदरकडे. तिकडे तेव्हाही एस्टी जायची.

७ फेब्रु., शुक्र.

कोण सांगतंय. फिलू. तिला कुठून कळलं. कुठूनच नाही. दुसरीकडे आहे का. नाही. नावाड्याने कधी हो म्हटलं नव्हतं.

आईचं अख्खं म्हातारपण, बाबांचं हृदय, माझं लग्न उरकून घेतलं ते, सगळं एका कुजबुजीवर उभं होतं. लायब्ररीतल्या पोरीच्या. चार प्रश्न पाठ असलेल्या पोरीच्या.

रागावता येत नाही तिच्यावर. अठरा-एकोणीसची होती, आणि आईला घाबरत होती. आणि आई. आईनेच सांगितलं होतं ना, सही करू नकोस. तिने कुणाला काही विचारलं होतं का कधी?

१० फेब्रु., सोम.

मीरा येऊन गेली. सगळं सांगितलं. शांतपणे ऐकलं, पोळ्या लाटत.

"एक खूण, आई. तीस वर्षांपूर्वीची. कुणाचीही."

"हो. एक म्हणजे कुजबुज."

"मग?"

"दुसरी शोधते."

त्या वाचनालयाची सत्तेचाळीस पुस्तकं चढवलेली आहेत. शुक्रवारपासून सगळ्यांचं सदतीस पाहून झालं आहे. तीन दिवस लागले. काही नाही.

त्या सगळ्या स्कॅनमध्ये पान धरणाऱ्याचा डावा हात कडेला दिसतो. पुरुषाचा, घड्याळाचा चामडी पट्टा. फक्त झाडांच्या पुस्तकात उजव्या खालच्या कोपऱ्यात आणखी एक अंगठा आहे. बाईचा, वयस्कर. नख बारीक कापलेलं. अंगठ्यावरून माणूस ओळखू येत नाही. तीनदा सांगितलं स्वतःला.

१२ फेब्रु., बुध.

स्कॅन करणाऱ्याला ई-मेल केला. साइटवर नाव होतं, परुळेकर सर, निवृत्त शिक्षक. एवढंच विचारलं की ही पुस्तकं कुठून येतात, अजून आहेत का. सदतीसचं काही लिहिलं नाही. सिस्टर म्हणायच्या, ज्याला विचारता त्याच्या तोंडात उत्तर घालू नका.

१४ फेब्रु., शुक्र.

उत्तर आलं. जुन्या मास्तरांचं सुंदर मराठी. वाचनालयाचं छप्पर गेलं, पेट्या त्यांच्या पडवीत आहेत. "मी एकटाच हे काम करतो. वय झालं. रोज सकाळी दहा पाने होतात, त्याहून अधिक नाही." पुढचं जसंच्या तसं उतरवते:

"आपला निरोप आला त्याच सकाळी एक पुस्तक परत आले. कुणी पडवीच्या कठड्यावर ठेवून गेले, मी आत होतो. शिक्का आमच्याच वाचनालयाचा, पण नेल्याची नोंद माझ्या वहीत सापडत नाही. वाचक वाचनालय बंद झाल्यावरही परत करतात, याचे समाधान वाटते. तेच आता हाती घेतो. उद्यापासून आपणास पाहता येईल."

मीराला वाचून दाखवलं. म्हणाली, "फोन नंबर असेल ना त्यांचा? सरळ विचार, पान सदतीस बघा म्हणून. एका मिनिटाचं काम."

"नको."

"का?"

"त्यांना दिसेल आधी."

"आई."

"आणि ते एकटाच म्हणतात. मग तो अंगठा कुणाचा?"

"बायकोचा. पुरुष बायकोला धरून एकटाच म्हणतात."

हसलो दोघी. पण विचारणार नाही. विचारलं की आज उत्तर येईल, आणि आज मला दोन्ही हवं आहे, नलू असलेली आणि नलू नसलेली. एवढी वर्षं दोघींना सांभाळलं. चार दिवस आणखी.

१५ फेब्रु., शनि.

नवं पुस्तक आलं. सुरुवातीची चार बिनक्रमांकाची धरून सहाव्या पानापर्यंत. गोष्टींचं आहे, साधं, खूप हाताळलेलं. आत पानं दुमडल्याच्या खुणा. उजव्या कोपऱ्यात तो अंगठा आहे.

१६ फेब्रु., रवि.

सोळापर्यंत. फिलूचा फोन. चर्चहून आली होती. तिला सांगितलं. म्हणाली, "मी मेणबत्ती लावली, पण कशासाठी लावली ते मलाच कळलं नाही. ती गेली म्हणून का आहे म्हणून?" मग, "तू सही करणार?" मी म्हटलं, अठराला बाराची वेळ आहे. ती हिशेब करत होती, ऐकू येत होतं मला. सोळा, सव्वीस, छत्तीस.

१७ फेब्रु., सोम.

सव्वीसपर्यंत.

प्रतिज्ञापत्राचा मसुदा आला. "माझी बहीण हयात असल्याचे मी अगर अन्य कोणी ऐकले अथवा पाहिले नाही." कालपरवापर्यंत हे वाक्य खरं होतं. आता खोटं आहे असंही नाही. ऐकलं नाही. पाहिलं? एका जागी.

आईची पाटी-पेन्सिल माळ्यावर सापडली. न काढून पाहिला. माझी रेघ टेकते. मलाही जमत नाही.

१८ फेब्रु., मंगळ.

सकाळपासून लॅपटॉपसमोर. आंघोळ, पूजा, सगळं आटपून. सव्वादहाला पानं आली. एकेक उघडलं, घाई केली नाही. सत्तावीस. अठ्ठावीस. तिसाव्यावर चहाचा डाग. तेहेतिसाव्यात एक पिंपळाचं पान ठेवलेलं, जाळी झालेलं. नलू ठेवायची. सगळ्याच मुली ठेवायच्या.

साडेअकराला बेल. अभ्यंकर, इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल.

"निघायचं ना, वसुधाताई? वकील थांबलेत."

"आज नाही. उद्या."

"उद्या? उद्या असं काय होणार आहे?"

"एक पान यायचं आहे."

त्यांनी पाटीकडे बघितलं, मग माझ्याकडे. आवाज खाली आणून म्हणाले, "बरं. उद्या. पण उद्या नक्की." हळूच जिना उतरले, कुणी आजारी असलेल्या घरातून उतरतात तसे.

दार लोटलं, साखळी लावली नाही. आईही लावायची नाही.

स्क्रीन तशीच आहे. छत्तिसावं पान. त्यावर काहीच नाही, नुसती गोष्ट, मधूनच तुटलेली. उजव्या खालच्या कोपऱ्यात तेवढा तो अंगठा, कागदाच्या कडेखाली सरकलेला, पान उलटायच्या बेतात.